स्वार्थ, आप्तभाव आणि परोपकार : प्राणिसृष्टीची साक्ष

(ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



 मी प्राणिशास्त्राचा शिक्षक. माझा जन्म वर्गात आणि रानावनात, किड्यामुंग्यांच्या व पाखरांच्या संगतीत गेला. सभेचे व्यासपीठ मला परके आहे. तेव्हा बोलण्यात काही उणे राहिल्यास आपण ते पदरात घ्याल अशी आशा आहे.

विषयाची निवड मी आपखुषीने केली, परंतु तिला एक निमित्त घडले. आपल्या विद्यार्थी वसतिगृहातील काही जागा इतर ज्ञातींतील गरजू मुलांना द्याव्यात असा ठराव गेल्या वार्षिक सभेपुढे आला होता आणि तो पुढील सभेपर्यंत तहकूब झाला, हे आपणांस स्मरत असेल. त्या चर्चेत एका वडीलधाऱ्या सद्गृहस्थांनी असे उद्गार काढले की, आपल्या रक्ताच्या माणसांकडे आधी पाहावे हा मनुष्याने केलेला नव्हे, तर निसर्गानेच केलेला कायदा आहे, आणि पशुपक्षीही तोच पाळतात. मी त्या दिवशी उत्तर देण्यास उठलो नाही. त्या उद्गारात सत्याचा मोठा अंश होता, आणि अर्ध्या सत्याचे उत्तर दोन मिनिटांत देता येत नाही. आज अध्यक्षांच्या कृपेने पाऊण तास मिळाला आहे. निसर्गाला आपण साक्षीस बोलाविलेच आहे, तर त्याची साक्ष मध्येच न तोडता पुरती ऐकून घ्यावी, एवढीच माझी विनंती आहे.

सातभाईंचे कुटुंब

प्रारंभ आपल्या परिचयाच्या एका पाखरापासून करू. गावाबाहेर बाभळीखाली पाचोळा उलथीत, अखंड कलकलाट करीत हिंडणारे मातकट रंगाचे पक्षी आपण सर्वांनी पाहिले आहेत. त्यांचा थवा कधी फुटत नाही, म्हणून आपल्या लोकांनी त्यांस 'सातभाई' हे समर्पक नाव दिले. त्यांतला एखादा उंच फांदीवर बसून पहारा करतो आणि बाकीचे निर्धास्तपणे किडे टिपतात. ससाणा दृष्टीस पडताच पहारेकरी ओरडतो, वस्तुतः तसे ओरडून तो स्वतःचा ठावठिकाणा शत्रूस कळवीत असतो. घरटे एका जोडप्याचे असले तरी पिलांच्या चोचीत घास घालण्यास थव्यातले इतरही येतात. ए. जे. गॅस्टन या अभ्यासकाने १९७० नंतरच्या दशकात दिल्लीच्या परिसरात या पक्ष्यांचे दीर्घकाळ निरीक्षण केले. असा थवा बहुधा आप्तांचाच असतो, असे त्यातून दिसून आले.

स्वतः अंडी न घालता दुसऱ्याची पिले पोसणारा हा जीव पाहून आपले मन प्रसन्न होते. परंतु याच घरट्याकडे आणखी कोणाची तरी दृष्टी असते. आपल्या काव्यात ज्याला निष्ठेची मूर्ती मानले तो चातक, आणि पेरणीची वेळ झाल्याचे शेतकऱ्यास ओरडून सांगणारा पावशा, हे दोघेही आपली अंडी सातभाईच्या घरट्यात टाकून निघून जातात. सातभाईची अंडी निळी, आणि चातकाचीही तशीच निळी! मग तो भोळा थवा परक्याचे पिलू आपले म्हणून वाढवितो.

एकाच घरट्यात परोपकार आणि फसवणूक अशी शेजारी नांदताना दिसतात. ती दोन्ही एकाच निसर्गनियमातून कशी निपजतात, हा आजचा प्रश्न आहे.

'जातीच्या कल्याणासाठी' हा भ्रम

चार्ल्स डार्विनने १८५९ साली आपला उत्क्रांतीचा ग्रंथ प्रसिद्ध केला, तेव्हा मुंग्या-मधमाश्यांच्या वांझ कामकऱ्यांनी त्याला मोठे कोडे घातले होते. जगण्याच्या झगड्यात जो अधिक संतती मागे ठेवतो त्याचे गुण टिकतात, हा त्याचा सिद्धान्त. मग जिला संततीच नाही, आणि पोळ्याच्या रक्षणासाठी नांगी मारून जी प्राण देते, त्या मधमाशीचा हा गुण पिढ्यानुपिढ्या कसा टिकला? ही निवड कुटुंबालाही लागू होत असावी, असे उत्तर डार्विनने सुचविले. दिशा बरोबर होती, पण हिशोब मांडण्याचे साधन त्या काळी नव्हते.

पुढे पुष्कळ वर्षे एक सोपे उत्तर सर्वत्र मान्य झाले होते. ते असे की, प्राणी आपल्या जातीच्या कल्याणासाठी त्याग करतात. व्ही. सी. विन-एडवर्ड्स या ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञाने १९६२ साली एका मोठ्या ग्रंथात या विचाराचा विस्तार केला. अन्न पुरावे म्हणून प्राणी आपण होऊन आपली प्रजा मर्यादित ठेवतात, असे त्याचे म्हणणे होते.

येथे क्षणभर थांबून एक शब्द तपासला पाहिजे. 'वाघाची जात' आणि 'मनुष्याची जात' या दोन प्रयोगांत 'जात' हा शब्द आपण दोन अगदी भिन्न अर्थांनी वापरतो. वाघ आणि बिबट्या या प्राणिशास्त्रातल्या दोन जाती होत. त्या अर्थाने पृथ्वीवरील सारे मानव मिळून एकच जात होते. आपल्या भाषेने येथे आपणांस चकविले आहे. निसर्गात प्राणी आपापल्या जातीला धरून राहतात, हे वाक्य ऐकताच ज्ञातींच्या भिंतींना निसर्गाचा आधार मिळाल्यासारखे वाटते. परंतु तो केवळ शब्दाचा खेळ आहे.

शिवाय ते वाक्यच खरे ठरले नाही. त्याला पहिला जबर धक्का बसला तो आपल्याच देशात, आणि तोही आपण ज्यांना मारुतीचे वंशज म्हणून नमस्कार करतो त्या काळतोंड्या वानरांकडून. युकिमारू सुगियामा या जपानी अभ्यासकाने १९६०च्या सुमारास धारवाडजवळच्या जंगलात वानरांच्या टोळ्यांचा अभ्यास केला. टोळीत पुष्कळ माद्या आणि बहुधा एकच प्रौढ नर असतो. बाहेरून आलेला नवा नर जुन्याला हुसकून टोळी ताब्यात घेतो, आणि त्यानंतर अंगावर पिणारी पिले मारली जातात, असे त्याच्या दृष्टीस पडले. प्रथम विद्वानांना वाटले की गर्दीने बिघडलेल्या मनाची ही विकृती असावी. सारा हर्डी या अमेरिकन विदुषीने १९७१ ते १९७५ या वर्षांत अबूच्या पहाडावर पाच हंगाम काढले, आणि १९७७च्या आपल्या ग्रंथात निराळे उत्तर दिले. पिलू अंगावर पीत असेतो आई पुन्हा गाभण राहत नाही. नव्या नराची सत्ता मात्र थोड्याच वर्षांची असते. परक्याचे पिलू मेले की आई लवकर गाभण राहते, आणि त्या नराची स्वतःची संतती वाढते. नेपाळमधील रामनगरच्या वानरांची आनुवंशिक तपासणी १९९९ साली प्रसिद्ध झाली. पिले मारणारे नर त्या पिलांचे बाप नव्हते, असे तीवरून सिद्ध झाले.

जातीच्या कल्याणाचा येथे मागमूसही नाही. परंतु त्याच टोळीतील दुसरे दृश्य हर्डीबाईंनी तितक्याच काळजीने नोंदविले आहे. स्वतःची प्रसूतीची वर्षे सरलेल्या वृद्ध माद्या त्या दांडग्या नरावर पुन्हा पुन्हा धावून जात, आणि दुसरीचे पिलू वाचविण्यासाठी आपला जीव धोक्यात घालीत. क्रौर्य आणि आत्मत्याग एकाच झाडावर वसतीला होते.

नात्याचे गणित

हे कोडे १९६४ साली विल्यम हॅमिल्टन या तिशीही न गाठलेल्या इंग्रज तरुणाने सोडविले. त्याचे गणित मी व्यवहारी भाषेत सांगतो.

आपल्या शरीराचे गुण ज्या सूक्ष्म आनुवंशिक घटकांत साठविलेले असतात त्यांस जनुके म्हणतात. मुलाची निम्मी जनुके आईकडून व निम्मी बापाकडून येतात. म्हणून माझ्यातील एखादे जनुक माझ्या सख्ख्या भावातही वारशाने आलेले असण्याचा संभव निम्मा, सख्ख्या पुतण्यात पाव, आणि सख्ख्या चुलत भावात एक अष्टमांश. जनुकाच्या दृष्टीने पाहिले तर स्वतःचे मूल वाढविणे आणि भावंडे वाढविणे हे पुढील पिढीत जाण्याचे दोन मार्ग आहेत. दुसऱ्याला होणाऱ्या लाभाला नात्याच्या या अपूर्णांकाने गुणावे. तो गुणाकार स्वतःला पडणाऱ्या तोट्याहून अधिक भरला, तर त्यागाची प्रवृत्ती टिकते. कमी भरला तर ती लोप पावते.

या गणिताचे पूर्वसूचन ज्यांनी केले होते ते जे. बी. एस. हॉल्डेन १९५७ साली भारतात येऊन राहिले, पुढे भारताचे नागरिक झाले आणि १ डिसेंबर १९६४ रोजी भुवनेश्वर येथे निवर्तले. दोन सख्ख्या भावांसाठी किंवा आठ चुलत भावांसाठी आपण प्राण देऊ, असे ते थट्टेने म्हणत, अशी आख्यायिका आहे. ही थट्टा म्हणजे नात्याचा अचूक हिशोबच आहे.

१९७६ साली रिचर्ड डॉकिन्स यांनी आपल्या ग्रंथाच्या नावातच जनुकाला 'स्वार्थी' हे विशेषण लावले, आणि त्याने पुष्कळांचा गैरसमज झाला. जनुकाला मन नाही, हेतू नाही. ज्याच्या प्रती अधिक झाल्या ते उरले, एवढाच त्याचा अर्थ. स्वार्थी जनुकाने घडविलेली आई आपल्या तोंडचा घास पिलाला देते, म्हणजे जनुकाचा स्वार्थ हाच प्राण्याचा परमार्थ होऊ शकतो. त्या ग्रंथावरून मनुष्याने स्वार्थी असावे असा बोध घेणारा वाचक मुखपृष्ठाच्या पलीकडे गेलेला नसतो.

आता आमच्या त्या वडीलधाऱ्या गृहस्थांचे म्हणणे खरे ठरले असे आपणांस वाटेल. निसर्ग आप्तांचा पक्षपाती आहे, हे मी स्वतःच सिद्ध करून दिले. परंतु साक्ष अजून संपलेली नाही.

भाऊबंदकी

मराठीतला एक शब्द पाहा. 'भाऊबंदकी' म्हणजे वास्तविक बंधुत्व. परंतु आपण तो उच्चारतो तो बांधाच्या, वाटणीच्या आणि कोर्टकचेरीच्या भांडणासाठी. 'कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ' असे आपले पूर्वज म्हणून गेले. जे शहाणपण त्यांना शिवारात कळले ते विज्ञानाला उंबराच्या फळात सापडले.

उंबर, वड, पिंपळ यांच्या फळांत इवलेसे कीटक जन्मतात. त्यांच्या काही जातींत नराला पंखच नसतात. ज्या फळात तो जन्मला तेथेच त्याचे सारे आयुष्य जाते आणि तेथल्याच माद्यांसाठी तो इतर नरांशी मरेपर्यंत लढतो. ज्या फळांत नर एकमेकांचे सख्खे भाऊ आहेत तेथे झुंज सौम्य असावी, अशी हॅमिल्टनच्या गणितावरून कोणीही अपेक्षा करील. २००१ साली अनेक जातींची तुलना प्रसिद्ध झाली, तेव्हा नात्याचा आणि लढाईच्या तीव्रतेचा काहीच मेळ बसेना. कारण उघड आहे. फळ बंद आहे आणि वाटणीला जे काही आहे ते आतच आहे. भाऊ हाच एकमेव प्रतिस्पर्धी असेल तर नात्याचा लाभ स्पर्धेत विरून जातो. जितके आवार बंदिस्त, तितकी भाऊबंदकी अधिक.

दुसरी साक्ष गांधीलमाशीची. आपल्या पडवीच्या आढ्याला कागदासारखे पोळे टांगणारी एक गांधीलमाशी दक्षिण भारतात सर्वत्र आढळते. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील प्राध्यापक राघवेंद्र गदगकर यांनी आपले संशोधनाचे आयुष्य तिच्या अभ्यासाला वाहिले. येथे कामकरी आणि राणी दिसण्यात सारख्याच, आणि कामकरी वांझही नाही. मनात आणले तर ती बाहेर पडून स्वतःचे पोळे मांडू शकते. तरी पुष्कळ जणी राहतात आणि दुसरीची पिले पोसतात. त्यांचे नाते घनिष्ठ असावे असा सर्वांचा तर्क होता. प्रत्यक्षात राणी एकाहून अधिक नरांशी समागम करते, शिवाय राण्या वरचेवर बदलतात, त्यामुळे पोळ्यातील नाती अपेक्षेहून पुष्कळच विरळ निघाली. मग त्या राहतात का? एकटीने मांडलेले पोळे बहुधा उजाड होते. आई मेली की पिले उपाशी मरतात. चौघींच्या पोळ्यात मात्र एक गेली तरी दुसरी घास भरविते. परस्परांची हमी हाच तेथला मोठा लाभ. नात्याचा अपूर्णांक लहान असला तरी सहकार्याची किफायत मोठी असू शकते, हा या गांधीलमाशीने शिकविलेला धडा होय.

परक्याशी जडलेले नाते

आता आपण नात्याची हद्द ओलांडू. १९७१ साली रॉबर्ट ट्रिव्हर्स यांनी असा विचार मांडला की, दोन जीव एकमेकांना वारंवार भेटत असतील, एकमेकांना ओळखत असतील आणि उपकार विसरणाऱ्याला पुढच्या खेपेस वगळू शकत असतील, तर नाते मुळीच नसतानाही परस्परोपकार रुजू शकतो. याचे उदाहरण अशा प्राण्यात मिळाले की ज्याच्या नावानेच अंगावर काटा यावा.

मध्य व दक्षिण अमेरिकेत जनावरांचे रक्त पिऊन जगणारे वटवाघूळ आहे. लागोपाठ दोन-तीन रात्री शिकार मिळाली नाही तर ते मरते. अशा वेळी पोट भरलेली सोबतीण आपल्या पोटातले रक्त बाहेर काढून उपाशी सोबतिणीला पाजते. जेराल्ड विल्किन्सन यांनी हे १९८४ साली प्रसिद्ध केले. पुढे जेराल्ड कार्टर आणि त्यांनी मिळून २०१३ साली दाखवून दिले की, कोण कोणाला पाजील हे नात्यावरून जितके सांगता येते त्याहून कितीतरी अधिक, पूर्वी कोणी कोणाला पाजले होते यावरून सांगता येते. २०२० साली त्याहून सुंदर गोष्ट पुढे आली. दूरदूरच्या ठिकाणांहून आणलेली, एकमेकांस सर्वस्वी अपरिचित अशी वटवाघळे एकत्र ठेवली असता त्यांनी प्रथम एकमेकींचे अंग स्वच्छ करण्यास सुरुवात केली. थोड्या खर्चाचा उपकार आधी, आणि विश्वास बसल्यावर मग रक्ताचा घास. आपणही नव्या शेजाऱ्याशी असेच वागतो. आधी विरजण, मग उसने दाणे, आणि पुढे अडीअडचणीला धावून जाणे.

मात्र निसर्ग भाबडा नाही. परतफेडीची आठवण नसलेला परोपकार म्हणजे सातभाईचे घरटे. तेथे चातकाचे फावते. म्हणून जेथे सहकार्य दीर्घकाळ टिकले आहे तेथे काही ना काही नियमन आढळते. मधमाशीच्या कामकरी अंडी घालू शकतात, आणि एखादी चोरून घालतेही. परंतु ती अंडी इतर कामकरी हुडकून खाऊन टाकतात, हे १९८९ साली रॅटनीक्स व व्हिशर यांनी प्रयोगाने दाखविले. त्यामुळे पोळ्यातील हजार नरांत कामकरीचा मुलगा फार तर एखादा. राणीच्या जरबेने नव्हे, तर सर्वांनी सर्वांवर ठेवलेल्या नजरेने पोळे एकसंध राहते. नाते, परतफेड आणि नियम या तीन दोरांनी सहकार्याची मोट बांधली जाते, आणि निसर्गाची पुरती साक्ष ती हीच.

ज्ञाती कोणत्या दोराने बांधली आहे?

आता आपल्या घरात येऊ. डॉ. इरावती कर्वे यांनी आप्तसंबंधांवरील आपला ग्रंथ १९५३ साली आणि हिंदू समाजावरील विवेचन १९६१ साली प्रसिद्ध केले. त्यांनी ज्ञातीला एक विस्तारलेला आप्तसमूह म्हटले आहे. आपसांत विवाह होतात म्हणून सारे कोठे ना कोठे सोयरे असतातच. बाई थोर होत्या आणि त्यांचे निरीक्षण बिनतोड आहे. परंतु 'सोयरे' या शब्दाला हॅमिल्टनचे गणित लावून पाहा. सख्ख्या चुलत भावंडांचे नाते एक अष्टमांश. त्यांच्या मुलांचे परस्परांशी एक बत्तिसांश, नातवंडांचे एकशे अठ्ठाविसांश, आणि पणतवंडांचे पाचशे बारांश. चार पिढ्यांत रक्ताचा हिशोब पाण्याइतका पातळ होतो. एरवीही ज्ञातीतील प्रत्येक जण प्रत्येकाचा सारखाच थोडाथोडा नातलग असेल तर त्याने जनुकाचे पारडे झुकत नाही. उंबरातल्या कीटकांचे आपण पाहिलेच. मामाच्या मुलासाठी निसर्गाने आपल्या हृदयात जिव्हाळा ठेवला असेल, परंतु दोनशे कोसांवरच्या अनोळखी ज्ञातिबंधूसाठी त्याने काहीही ठेवलेले नाही. तो जिव्हाळा आपण माणसांनी, कथा-कीर्तनांतून, पंगतींतून आणि अशा मेळाव्यांतून निर्माण केला.

आणि ही भिंत तरी किती जुनी? हैदराबाद येथील पेशी व रेणवीय जीवविज्ञान केंद्राच्या शास्त्रज्ञांनी परदेशी सहकाऱ्यांसह २०१३ साली आनुवंशिक पुराव्यावरून असे दाखविले की, आजपासून सुमारे ४२०० ते १९०० वर्षांपूर्वीच्या काळात या देशातील भिन्नभिन्न समूहांचे फार मोठे मिश्रण झाले. त्यानंतर मात्र विवाहाची दारे लागत गेली. म्हणजे आज ज्यांना आपण परके म्हणतो तेही आपलेच जुने भाऊबंद.

दारे लावून घेण्याची किंमतही आपण मोजली आहे. २०१७ साली दक्षिण आशियातील २६०हून अधिक समूहांची तपासणी प्रसिद्ध झाली. त्यांपैकी ८१ समूह थोड्याशा पूर्वजांपासून निपजले आणि मग आपसांतच विवाह करीत राहिले, असे त्यांच्या जनुकांवरून दिसले. अशा समूहांत एरवी दडून राहणारे आनुवंशिक दोष जोडीने एकत्र येऊन प्रकट होण्याचा संभव वाढतो. आंध्र-तेलंगणाकडील एका मोठ्या व्यापारी ज्ञातीत शस्त्रक्रियेच्या वेळी स्नायू शिथिल करण्यासाठी दिलेल्या औषधाचा अंमल लवकर उतरतच नाही, असा दोष पुष्कळांत आढळतो आणि वैद्यांना त्याची आगाऊ दक्षता घ्यावी लागते. यात कोणाला हिणविण्याचा हेतू नाही. आपल्या वधूवर सूचक मंडळाने मात्र पत्रिकेच्या जोडीला याही गोष्टीचा विचार करावा.

मग आपली ही संस्था कशाच्या बळावर इतकी वर्षे टिकली? माझे उत्तर असे की, परतफेडीच्या आणि नियमांच्या. ज्याने येथे राहून शिक्षण घेतले त्याने नोकरी लागताच वर्गणी पाठविली. हिशोब दर वर्षी तपासले गेले आणि सभेपुढे वाचले गेले. देणाऱ्याला ठाऊक होते की आपले दान वाया जाणार नाही. आपण याला रक्ताचे नाते म्हणत आलो, परंतु वस्तुतः ते वटवाघळांचे नाते आहे, आणि मी हे आदराने म्हणतो.

आप्तांच्या पायावर उभे राहून पलीकडे हात देणे महाराष्ट्राला नवीन नाही. छत्रपती शाहू महाराजांनी १९०१ सालापासून कोल्हापुरात निरनिराळ्या ज्ञातींची वसतिगृहे निघण्यास उत्तेजन दिले. ज्यांना कोठेच थारा नव्हता त्यांना प्रथम आपले छप्पर मिळणे अगत्याचे होते, आणि आपले वसतिगृहही त्याच गरजेतून उभे राहिले. कोल्हापुरातील अशाच एका, जैन समाजाच्या, वसतिगृहात राहून शिकलेल्या भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यास सर्व जातींच्या मुलांना एका पंगतीस बसविणारे वसतिगृह काढले. मुले स्वतः कामे करीत, आणि नियम सर्वांना सारखे होते. पहिल्या पायरीवाचून दुसरी चढता येत नाही, हे खरे. पण पहिलीवरच बसून राहावे असे ती बांधणाऱ्यांच्याही मनात नसावे.

एक खासगी गोष्ट सांगून आटोपतो. आपल्या वसतिगृहाने मला चार वर्षे छप्पर दिले, आणि ते ऋण फिटणारे नाही. परंतु शेवटच्या वर्षी परीक्षेची फी भरण्याची मुदत संपत आली असता ती भरली समोरच्या गल्लीतील एका शिंपीकाम करणाऱ्या गृहस्थांनी. ते आपल्या ज्ञातीचे नव्हते. मी पैसे परत करण्यास गेलो तेव्हा ते घेईनात. पुढे कोणा मुलाची अशीच अडचण दिसली तर त्याला द्या, एवढेच म्हणाले. त्यांनी त्या मुलाची ज्ञात सांगितली नव्हती. ती फी मी पुढे अनेकदा भरली आहे, पण अजून ती फिटल्यासारखे वाटत नाही.

म्हणून ठरावासंबंधी माझे मत मी उघड सांगतो. जागा द्याव्यात, पण सातभाईच्या घरट्यासारख्या डोळे मिटून नव्हे. गरज आणि अभ्यास पाहून प्रवेश द्यावा, कामाची पाळी व शिस्त आपल्या मुलांना जी तीच त्यांनाही असावी, आणि शिकून गेलेल्या प्रत्येकाने पुढच्या मुलासाठी यथाशक्ती काही पाठवावे. कृतघ्नाला वगळण्याचा अधिकार संस्थेने जरूर ठेवावा, परंतु कृतघ्नता ज्ञात पाहून ओळखू नये. याने आपल्या मुलांच्या जागा घटतील ही चिंता रास्त आहे, आणि तिचे उत्तर नव्या खोल्या बांधूनच द्यावे लागेल. बंद फळातल्या कीटकांना फळ मोठे करता येत नाही. आपणांस ते येते.

निसर्गात एखादी गोष्ट आहे एवढ्याने ती योग्य ठरत नाही. तसे असते तर अबूच्या त्या नरालाही गुरू करावे लागले असते. निसर्ग आपल्याला आज्ञा देत नाही. कोणत्या अटींवर सहकार्य जगते आणि कोणत्या अटींवर मरते, एवढे तो दाखवितो. आप्तांचा जिव्हाळा ही त्याची देणगी आहे. तिचा अव्हेर करू नये, पण तिला कुंपणही करू नये. आपले वडीलधारे गृहस्थ समोर बसले आहेत. त्यांच्या एका वाक्याने मला इतका विचार करावयास लावले, याबद्दल मी त्यांचा आभारी आहे, आणि त्यांच्या वयाला व सेवेला वंदन करतो. निर्णय अर्थातच सभेचा आहे.